भुसावळ ते जम्मू, मधे पंचकुला : ब्रेक जर्नीचं तिकीट आणि ॲथलेटिक्सचं मैदान

वैष्णोदेवीला जाणाऱ्या खान्देशी माणसाला झेलम एक्सप्रेस सांगावी लागत नाही. संध्याकाळी पुण्याहून सुटते, मध्यरात्र उलटली की चाळीसगाव, जळगाव, भुसावळ घेते आणि इटारसी, भोपाळ, दिल्ली, अंबाला करत जम्मू तावीला पोचते. या अंबाल्याहून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर पंचकुला आहे. तिथे ताऊ देवीलाल क्रीडा संकुलात २७ ते ३० जून २०२४ या काळात राष्ट्रीय आंतरराज्य वरिष्ठ गट ॲथलेटिक्स स्पर्धा होती. पॅरिस ऑलिम्पिकसाठी पात्रता गाठायची मुदतही ३० जूनलाच संपत होती, त्यामुळे देशातल्या बहुतेक खेळाडूंसाठी ही शेवटची संधी. देवीला जायचं आमच्या घरात आधीच ठरलं होतं. वाटेत उतरून चारही दिवस स्पर्धा बघायची आणि त्याच तिकिटावर पुढे जायचं, हे नंतर ठरलं.

रेल्वेच्या नियमात हे अगदी व्यवस्थित बसतं. नाव ब्रेक जर्नी. नियम जुना आहे. ऑनलाइन तिकिटं आल्यापासून लोक तो विसरले एवढंच. कुणाला विचारलं तर निम्मे लोक ‘बंद झालंय ते’ असं सांगतात. बंद झालेलं नाही.

नियम असा : एकेरी तिकीट पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचं असेल तर वाटेत एकदा उतरता येतं, हजारापेक्षा जास्त असेल तर दोनदा. पहिल्यांदा उतरायचं ते सुरुवातीच्या स्टेशनपासून पाचशे किलोमीटर झाल्यावरच. एका ठिकाणी दोन दिवस थांबता येतं, आणि त्यात पोचल्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस धरत नाहीत. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी या गाड्यांना हे लागू नाही. उतरायचं स्टेशन तिकिटाच्या मार्गावरच असायला हवं. शिवाय आरक्षण जिथवर घेतलंय त्याच्या आधी मनात आलं म्हणून कुठेही उतरलात तर ती ब्रेक जर्नी होत नाही.

पाचशे किलोमीटरची अट आपल्याकडच्या लोकांना नेमकी नडते. भुसावळहून नागपूर ३९३ किलोमीटर, भोपाळही चारशेच्या आतच. म्हणजे भुसावळचं तिकीट काढून भोपाळला किंवा नागपूरला उतरायचं म्हटलं तर नियमात बसत नाही. झाशी, ग्वाल्हेर, दिल्ली बसतात, पूर्वेकडे रायपूर बसतं. नंदुरबारहून सुरतेच्या लाइनीने येऊन तिकीट काढलं असेल तर मात्र भोपाळ पाचशेच्या पुढे जातं. तेव्हा आधी अंतर मोजा, मग बेत करा. आमच्या तिकिटाला हा प्रश्नच नव्हता. भुसावळ ते अंबाला कॅन्टोन्मेंट तेराशे किलोमीटरच्या आसपास आणि जम्मू तावी त्याच्याही पुढे पावणेचारशेच्या घरात.

आता तारखांचं गणित. सगळी गंमत इथेच आहे. स्पर्धा चार दिवसांची. नियम दोन दिवसांचा, अधिक पोचण्याचा दिवस, अधिक निघण्याचा दिवस. म्हणजे चार. पण झेलम अंबाल्याला पोचते तीसुद्धा मध्यरात्र उलटल्यावर. भुसावळहून २६ जूनच्या पहाटे बसलं की अंबाल्याला उतरताना तारीख २७ लागते. २७ हा पोचल्याचा दिवस, २८ आणि २९ हे हक्काचे दोन दिवस, ३० निघण्याचा. हीच गाडी तासा-दोन तासांनी अलीकडे, २६ च्या रात्री साडेअकराला पोचणारी असती, तर २६ हा पोचल्याचा दिवस धरला गेला असता आणि २९ ला अंबाला सोडावं लागलं असतं. शेवटचा दिवस गेला असता.

पुढच्या टप्प्याला मात्र हीच मध्यरात्र उलटी फिरते. ३० तारखेची स्पर्धा संपवून रात्रीच्या झेलमने पुढे जाऊ म्हटलं तर ती अंबाल्याला येईपर्यंत १ जुलै लागतो, आणि मग मधले दिवस तीन होतात. तिकीट तिथेच बाद. म्हणून दुसऱ्या टप्प्यासाठी ३० जूनला रात्री बाराच्या आत अंबाला सोडणारी दुसरी गाडी शोधायची. अंबाला हे मोठं जंक्शन आहे, जम्मूकडे जाणाऱ्या गाड्या भरपूर. गाडी बदलली तरी चालते. मार्ग तोच हवा आणि वर्ग तोच हवा.

याच मध्यरात्रीचा तिसरा घोळ भुसावळातच होतो. फॉर्मवर तारीख लिहायची ती बसण्याच्या स्टेशनची. गाडी २५ तारखेला संध्याकाळी पुणे सोडते, पण भुसावळला येते ती २६ च्या पहाटे. तिकिटावर २६ असतं आणि स्टेशनवर जायचं असतं २५ च्या रात्री जेवून. ‘सव्वीसची गाडी’ म्हणून २६ च्या रात्री बॅगा घेऊन फलाटावर आलेली कुटुंबं भुसावळ-जळगावच्या कुठल्याही कुलीने पाहिलेली असतात.

ब्रेक जर्नीचं तिकीट मोबाइलवर काढता येत नाही, आरक्षण खिडकीवरच जावं लागतं. आधीच ऑनलाइन थेट जम्मूचं काढून ठेवलं असेल तर त्यात मधे उतरणं घुसडता येत नाही. ते रद्द करून नव्याने काढायचं. २०२४ मध्ये गाडीच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द केलं तर कन्फर्म स्लीपरला माणशी १२० रुपये कापायचे, थ्री एसीला १८० आणि वर जीएसटी. चौघांचं स्लीपर म्हणजे ४८० रुपये गेले, आणि ब्रेक जर्नीतून जी बचत होणार ती जवळजवळ तिथेच संपली. त्यामुळे स्पर्धेच्या तारखा आधी बघा. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचं वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. तारखा आणि शहर नक्की झालं की मगच खिडकीवर. तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पर्यंत, आरक्षण १२० दिवस आधी सुटायचं, म्हणजे २६ जूनचं फेब्रुवारीच्या अखेरीला. आमचं तिकीट मार्चमध्ये निघालं तेव्हा पहिल्या टप्प्याला जागा होत्या, दुसऱ्या टप्प्याला मोजक्याच उरलेल्या. कारण उघड होतं. अमरनाथ यात्रा त्या वर्षी २९ जूनला सुरू होत होती आणि त्या आठवड्यात जम्मूकडे जाणारी प्रत्येक गाडी भरून वाहत होती.

खिडकीवर सकाळी जाऊ नका. आठला नवीन तारखेचं आरक्षण उघडतं, दहाला एसीचं तत्काळ, अकराला स्लीपरचं. या वेळात बाबूला मान वर करायलाही फुरसत नसते आणि मागची रांग तुम्हाला नियम समजावून सांगू देत नाही. दुपारी बारानंतर गेलं तर तो शांतपणे ऐकतो. रविवारी दोनपर्यंतच खिडकी चालू असते. फॉर्म दोन भरा : पहिला भुसावळ ते जम्मू तावी, ‘ब्रेक जर्नी अंबाला कॅन्ट’ असं ठळक लिहून आणि आरक्षण अंबाल्यापर्यंत; दुसरा अंबाला ते जम्मू तावीच्या आरक्षणाचा, गाडी नंबर आणि ३० जून तारखेसह. एका फॉर्मवर सहा माणसं बसतात. बाबू म्हणू शकतो, ‘दोन वेगवेगळी तिकिटं घ्या ना, सोपं पडेल.’ तेव्हा हुज्जत न घालता आरक्षण पर्यवेक्षकांकडे जायचं. नियम त्यांना माहीत असतो, आणि त्यांनी सांगितलं की खिडकीवर काम होतं.

हातात दोन तिकिटं येतात. पहिल्यावर पूर्ण अंतराचं भाडं, दुसऱ्यावर फक्त आरक्षण शुल्क. हे शुल्क स्लीपरला २० रुपये आणि थ्री एसीला ४०. दुसरी गाडी सुपरफास्ट असेल तर स्लीपरला ३० आणि थ्री एसीला ४५ रुपये अधिभार वर लागतो. पैसे वाचतात ते रेल्वेच्या भाड्याच्या रचनेमुळे. अंतर वाढत जातं तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो, त्यामुळे एक लांब तिकीट दोन तुकड्यांपेक्षा स्वस्त पडतं. स्लीपरला माणशी सातशेच्या आसपास गेले. दोन तुकड्यांत घेतलं असतं तर शंभर-सव्वाशे रुपये जास्त. एसीत फरक आणखी वाढतो. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे बरोबरच्या तात्यांचंही पूर्ण भाडं लागलं. खरं सांगायचं तर शंभर रुपयांसाठी कुणी एवढा खटाटोप करणार नाही. फायदा दुसरा आहे : दोन्ही टप्पे एकाच वेळी हातात येतात आणि पुढच्या गाडीची काळजी मिटते.

एक धोका लक्षात ठेवा. पहिला टप्पा कन्फर्म आणि दुसरा वेटिंग अशी स्थिती असेल तर थांबा, विचार करा. खिडकीवरचं वेटिंग तिकीट ऑनलाइनसारखं आपोआप रद्द होत नाही, ते हातातच राहतं, आणि दोन दिवसांच्या मर्यादेमुळे ‘उद्याच्या गाडीने जाऊ’ हा पर्याय तुमच्याकडे नसतो.

सामानाचं थोडक्यात. प्रत्येक बॅगेला कुलूप लावा, कारण स्टेशनवरच्या सामानघरात कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. छोटी दुर्बीण घ्या, आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी पुरते. टोपी, ओआरएसची पाकिटं, वही, पेन. खाण्याला दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची चटणी आणि जळगावचे केळ्याचे वेफर्स. दशमी दोन दिवस नीट टिकते, पण जूनच्या उन्हात स्लीपरच्या डब्यात तिसऱ्या दिवशी वास मारते. शेवभाजीचा मसाला कुणी पंचकुल्यात नेऊ नये, करायला चूल मिळत नाही. (वहिनींनी नेला होता.)

प्रवास सरळ झाला. अंबाल्याला अपरात्री उतरल्यावर झोपेच्या भरात थेट बाहेर पडायचं नाही. आधी तिकिटावर शेरा घ्यायचा. ब्रेक जर्नीत हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारंही. उतरलेल्या स्टेशनवर स्टेशन मास्तरांकडून किंवा तिकीट तपासनिसाकडून तिकिटावर स्टेशनचा कोड, तारीख आणि सही घ्यावी लागते. ती नसेल तर पुढच्या टप्प्यात तुम्ही विनातिकीट धरले जाऊ शकता. गेटवर तपासनीस असेल तर तिथेच होतं, नसेल तर उपस्टेशन अधीक्षकांच्या खोलीत जायचं. हिंदीत एवढंच म्हणायचं : ‘साहब, ब्रेक जर्नी है, एंडोर्स कर दीजिए.’ सहीपेक्षा तारीख नीट बघा. मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या तास-दीड तासात ड्यूटीवरच्या माणसाच्या हातून आदल्या दिवसाची तारीख सहज लिहिली जाते, आणि २७ च्या जागी २६ पडले की तुमचा एक दिवस कागदावर कमी झाला. जागच्या जागी दुरुस्त करून घ्या. मग मोबाइलवर फोटो काढा आणि तिकीट प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा; घामाने शाई पुसट होते. उतरताना गेटवर कुणी तिकीट मागून ठेवून घेऊ लागलं तर द्यायचं नाही. ते अजून जम्मूपर्यंत चालायचं असतं.

उरलेली रात्र प्रतीक्षालयात काढा आणि उजाडल्यावर निघा. पंचकुल्याला जायचे दोन मार्ग. एक, हरियाणा रोडवेजची बस, माणशी साठ-सत्तर रुपये. दुसरा, चंदीगडची लोकल गाडी. चंदीगड स्टेशनला पंचकुल्याच्या बाजूनेही दार आहे, तिथून बाहेर पडलं की रिक्षा मिळते. हा फाटा तुमच्या तिकिटाच्या मार्गावर नाही, म्हणून अंबाला–चंदीगड वेगळं तिकीट काढायचं. जम्मूचं तिकीट दाखवून तिथे बसलात तर दंड भराल. राहायला मनसादेवी देवस्थानाच्या परिसरातली यात्री निवासं स्वस्त आणि स्वच्छ आहेत. नवरात्र नसलं की जागा मिळते. आपल्या मनुदेवीच्या दर्शनाला जाणाऱ्या यावलच्या मंडळींना तिथे दोन दिवस राहायला काहीच जड जाणार नाही. आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. खोली, चहा-नाश्ता आणि रिक्षा मिळून माणशी रोजचा खर्च सातशे ते आठशे.

आता मैदान.

राष्ट्रीय स्पर्धेला तिकीट नव्हतं. दारात पिशव्या तपासतात, आत सोडतात. गॅलरी बऱ्यापैकी रिकामी असते आणि जे असतात ते बहुतेक स्पर्धेशी संबंधित : प्रशिक्षक, सेनादल आणि रेल्वेच्या संघांतले खेळाडू, कुणाचे आईवडील. क्रिकेटची सवय असलेल्या माणसाला पहिला तास काहीच कळत नाही, कारण एकाच वेळी तीन-चार गोष्टी चालू असतात. इकडे ट्रॅकवर चारशे मीटरच्या फेऱ्या, तिकडे लांब उडी, मधल्या गवतावर भाला. लग्नाच्या मांडवात एकीकडे पंगत, एकीकडे मानपान आणि एकीकडे फोटो चालावेत तसं. निवेदकावर विसंबू नका. सकाळी वेळापत्रक पुन्हा बघा, ते बदलतं. कोणत्या गटात कोण धावणार याची यादी मिळाली तर तिचा फोटो घेऊन ठेवा आणि आपल्याला हव्या त्या नावांपुढे खूण करा.

कुठे बसायचं हे काय बघायचं त्यावर ठरतं. शर्यतींसाठी अंतिम रेषेच्या समोर बसू नका, तिच्या दहा-पंधरा मीटर आधी बसा; खेळाडू रेषेला छाती टेकवतात तेव्हाचा फरक तिथून दिसतो. चारशे मीटरमध्ये सुरुवातीला बाहेरच्या लेनमधला पुढे दिसतो, तो पुढे नसतो. लेन बाहेर गेली की वळणाचं अंतर वाढतं, म्हणून सुरुवातीची रेषा तेवढी पुढे सरकवलेली असते. खरी स्थिती शेवटच्या वळणातून सरळ रस्त्याला लागताना उघड होते. तिथे नजर ठेवा. भालाफेकीला धावपट्टीच्या मागे बसलं तर धावत जाणाऱ्याची पाठ दिसते आणि भाला कुठे गेला ते कळत नाही. पुरुषांच्या भाल्याला सत्तर ते पंच्याऐंशी मीटरच्या बाजूला बसा, म्हणजे टोक जमिनीला लागतं ते दिसतं. हातोडाफेक आणि थाळीफेक जाळीच्या पिंजऱ्यातून होतात, तिथे पिंजऱ्याच्या खांबामागची जागा टाळा. उंच उडीला अर्धवर्तुळाच्या बाजूच्या टोकाला जा. बहुतेक मैदानांत मुख्य गॅलरी पश्चिमेला असते, म्हणजे संध्याकाळचं ऊन पाठीमागे. सकाळच्या सत्रात मात्र ते थेट डोळ्यांत येतं.

सकाळच्या प्राथमिक फेऱ्या लोक सोडून देतात. मोठी चूक. पहिल्याच दिवशी, २७ ला, किरण पहलने महिलांच्या चारशे मीटरमध्ये ५०.९२ सेकंद वेळ नोंदवली, तीही अंतिम फेरीत नव्हे, त्याच्या आधीच्या फेरीत. पॅरिसची पात्रता ५०.९५ होती. तीन शतांश. फलकावर आधी जी वेळ झळकते ती नुसतं धावतं घड्याळ थांबल्याची, कच्ची असते. फोटो फिनिशची प्रतिमा वाचून अधिकृत आकडा येईपर्यंत थोडा वेळ जातो आणि शतांशाचा फरक त्या मधल्या वेळात ठरतो. फक्त अंतिम फेऱ्या बघायला ३० तारखेला आलेल्या माणसाला ही शर्यत मिळाली नसती.

वहीत पात्रतेचे आकडे आधी लिहून ठेवले तर स्पर्धा कितीतरी जास्त कळते. पॅरिससाठी पुरुषांची उंच उडी २.३३ मीटर, भाला ८५.५०, तिहेरी उडी १७.२२, लांब उडी ८.२७, ११० मीटर अडथळे १३.२७ सेकंद, ५००० मीटर १३ मिनिटं ५ सेकंद. शेवटचा आकडा फोडून बघा. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या, एका फेरीला ६२.८ सेकंद. पहिल्या दोन-तीन फेऱ्या पासष्ट-सहासष्टने गेल्या की समजायचं, आज पात्रता होणार नाही, ही फक्त पदकाची शर्यत आहे. मग गट एकत्र राहतो आणि सगळं शेवटच्या चारशे मीटरवर ठेवलं जातं. प्रशिक्षकांच्या शेजारी बसलं तर ते प्रत्येक फेरीची वेळ ओरडून सांगत असतात, स्वतःचं घड्याळही लागत नाही. आपल्या सातपुड्यातून लांब पल्ल्याची चांगली पोरं येतात. त्यांच्या शिक्षकांनी एकदा तरी अशी शर्यत गॅलरीत बसून घड्याळ लावून बघावी.

निकालाच्या पानावर नावापुढे इंग्रजी मोठा क्यू (Q) किंवा छोटा क्यू (q) असतो. मोठा म्हणजे क्रमांकाच्या जोरावर पुढच्या फेरीत गेलेला, छोटा म्हणजे नोंदवलेल्या वेळेच्या जोरावर. शंभर, दोनशे, सरळ रस्त्यावरचे अडथळे, लांब आणि तिहेरी उडी यांच्यापुढे वाऱ्याचा आकडा येतो. पाठीमागून वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर ती कामगिरी विक्रमाला धरत नाहीत, क्रमांक मात्र राहतो. चुकीची सुरुवात एकदाच, की थेट बाहेर. फेकीला आणि लांब उडीला सगळ्यांना तीन प्रयत्न, मग पहिल्या आठ जणांना आणखी तीन. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाणी. पाण्याच्या खड्ड्याजवळ बसा आणि पाय कोण ओला करतं ते बघा. दमलेला माणूस पाण्यात खोल पडतो, ताजा असतो तो पलीकडच्या उताराला पाय लावून निघून जातो.

मला सगळ्यात जास्त बघण्यासारखी वाटते ती उंच उडी, आणि त्या वर्षी तिथे शेजारच्या नाशिक जिल्ह्याचा सर्वेश कुशारे होता. दुर्बीण लावून उडीपेक्षा उडीआधीचं बघा. खेळाडू सुरुवातीच्या जागेवर आणि वळणावर पट्टीचे तुकडे चिकटवतो, पावलं मोजतो, पुन्हा एक पट्टी वीतभर सरकवतो. पळत येताना आधी सरळ आणि शेवटची काही पावलं कमानीत; त्या कमानीमुळेच शरीर आडव्या दांड्यापासून बाहेर झुकतं आणि उडी घेताना वर फिरतं. दांडी चार मीटर लांब असते आणि मधे किंचित वाकते, म्हणून उंची मोजतात ती मधोमध. प्रत्येक नव्या उंचीला अधिकारी मोजपट्टीचा उभा दांडा घेऊन येतात, खाली वाकून वाचतात, एक जण लिहितो. खेळाडूला एका उडीला एक मिनिट, पंधरा सेकंद उरले की पिवळा झेंडा वर. लागोपाठ तीन चुका झाल्या की संपलं, मग त्या एका उंचीवरच्या असोत की दोन-तीन उंचींवर मिळून. उंची सोडून देता येते, आणि कोणती सोडायची यातच निम्मी स्पर्धा असते, कारण बरोबरी झाली तर शेवटी पार केलेल्या उंचीवर कुणाच्या चुका कमी हे आधी बघतात. सर्वेशने २.२५ मीटरवर सुवर्णपदक घेतलं. ते २.३३ पेक्षा खाली आहे. तरी त्याला पॅरिसचं तिकीट मिळालं ते जागतिक क्रमवारीतून, आणि त्या क्रमवारीसाठी राष्ट्रीय अजिंक्यपदाचे गुण मोलाचे असतात. म्हणून पात्रता हुकली की लोक उठून जातात, तसं करू नये.

ऊन आणि दमट हवा याला उपाय नाही. सकाळचं सत्र संपलं की खोलीवर या, झोपा, दुपार उलटल्यावर पुन्हा जा. दुपारी गॅलरीत बसून राहण्यात काही शौर्य नाही, ट्रॅकवरही तेव्हा कुणी नसतं. आठवड्याभरात उत्तरेत पाऊस येत होता. २८ च्या पहाटे दिल्लीत सफदरजंगला २२८ मिलिमीटर पडला आणि शहर बुडालं. जूनच्या शेवटी दिल्लीवरून जाणारं तिकीट काढताना पोचण्याची वेळ एक दिवस अलीकडे ठेवावी का, असं कुणी विचारेल. ब्रेक जर्नीत नाही ठेवता येत. आधी पोचलात तर शेवटचा दिवस कापला जातो. गाडी उशिरा पोचली तर मात्र तुमचं काही जात नाही, पोचल्याची तारीख शेऱ्यातलीच धरतात.

३० ला शेवटच्या रिले शर्यती बघायच्या असतील तर सामान सकाळीच बांधून ठेवा. पंचकुला ते अंबाला रस्त्याने दीड तास धरा, झिरकपूरला गाड्या अडकतात. टॅक्सी सतराशे म्हणाली, चौघांत परवडली. बसने जाणार असाल तर रिले सोडावी लागेल. स्टेशनवर निदान तासभर आधी पोचा. उशीर झाला आणि बाराच्या आतली गाडी गेली, तर मागचं तिकीट पुढे कामाला येत नाही, जम्मूचं नवीन काढावं लागतं, आणि अमरनाथच्या गर्दीत ते जनरल डब्याचंच मिळतं.

पुढच्या गाडीत तपासनीस दोन्ही तिकिटं मागतो. फक्त आरक्षणाचं तिकीट दाखवलं तर त्यावर भाडं दिसत नाही आणि तो थबकतो. पहिलं, शेरा असलेलं तिकीट वर ठेवून दोन्ही एकदम द्या. तो तारखा बोटांवर मोजतो, सही बघतो, परत देतो. जम्मू तावीला सकाळी उतरल्यावर सुरक्षेच्या रांगा अमरनाथ यात्रेमुळे लांब होत्या, ओळखपत्र मूळ लागतं. कटऱ्याची बस बाहेरच मिळते. वैष्णोदेवीच्या यात्रेचं आरएफआयडी कार्ड, म्हणजे यात्रेकरूचं ओळखीचं कार्ड, कटऱ्यात फुकट मिळतं आणि त्याशिवाय वर चढू देत नाहीत. ते आधी घ्या, अंघोळ-जेवण नंतर.